दुसरं नाणं

झाशीच्या इलाइट चौराह्यावर दहाचं नाणं पुढे करून बघा. ई-रिक्षावाला असो की चहावाला, तो ते सरळ खिशात टाकेलच असं नाही. आधी बोटांत फिरवेल, उजेडाकडे धरेल, वरच्या रेघा मोजेल. दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, ही अफवा अजून पुरती विरलेली नाही. दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघाले आहेत आणि ते सगळे चालतात, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं, तरी मोजणं सुरूच राहिलं. कष्टाच्या माणसाचे दहा रुपये त्यापायी अडतात, याचं मला फार वाईट वाटतं. पण ते मोजणारे डोळे मात्र बघत राहावेसे वाटतात. रोज हातावरून जाणारी वस्तू माणूस पहिल्यांदाच नीट न्याहाळत असतो, आणि खात्री करायला गल्ल्यातलं दुसरं नाणं काढून शेजारी धरतो. नाण्यांचा नाद लागतो तो नेमका इथे, दुसरं नाणं शेजारी आलं की.

एरवी आपण समजतो, की आजीच्या डब्यात एखादं जुनं नाणं सापडतं आणि नातू संग्राहक होतो. मला ते पटत नाही. मराठी घरांत लक्ष्मीपूजनाला चांदीचे राणीछाप रुपये निघतात, त्यांना हळद-कुंकू लागतं आणि ते पुन्हा फडक्यात जातात. पिढ्यान् पिढ्या हे चालतं, पण त्यातून संग्राहक क्वचितच निघतो. पुतळ्यांच्या माळेचंही तसंच. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख आहे, पण आपल्या बायकांना त्या जोडीत राम-सीता दिसले आणि त्यांनी ती आकृती गळ्यात मिरवली. हे मला अतिशय लोभस वाटतं. पण श्रद्धेचं नाणं स्वतःतच पुरं असतं, ते काही विचारत नाही. त्याच डब्यातले दोन रुपये एखाद्या पोरीने शेजारी ठेवावेत, १८६२ च्या रुपयावर व्हिक्टोरिया नुसती ‘क्वीन’ आणि १८७७ नंतरच्या रुपयावर ‘एम्प्रेस’ असं तिला दिसावं, आणि मधल्या काळात काय झालं हे तिने विचारावं. मग तो डबा पूर्वीसारखा मिटत नाही.

मोडीतल्या चिल्लरीतूनही हे घडतं. तीन पैशांचं षटकोनी, पाच पैशांचं चौकोनी, वीस पैशांचं कमळाचं पितळी. सालाखाली मुंबईच्या टाकसाळीची चौकट किंवा ठिपका, हैदराबादची चांदणी, कोलकात्याची मोकळी जागा. एकाच सालाची दोन नाणी दोन गावची निघाली, की मूल रस्त्यावरची सुटी मोडसुद्धा उलटीपालटी करू लागतं.

पण झाशीत उभं राहून बोलायचं, तर खरं बोलायला हवं बळवंतनगरच्या रुपयाबद्दल. झाशीच्या मराठा टाकसाळीचं नाव नाण्यावर असं येतं. पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर १७४२ मध्ये इथे आले, त्यांनी किल्ला वाढवला, शहर वसवलं. इथे पडणाऱ्या रुपयांवर मात्र नाव दिल्लीच्या शाह आलमचं. लिपी फारसी, बादशहा मोगल, कारभार मराठ्यांचा, कारागीर इथलेच. १७८८ मध्ये गुलाम कादिरने त्या बादशहाचे डोळे काढले, तरी मराठ्यांच्या टाकसाळी त्याच्या नावाचे रुपये पाडत राहिल्या. शेजारच्या ओरछ्याच्या गजाशाही रुपयावर गदा उमटलेली, म्हणजे बाजारातल्या सराफाला चिन्हं ओळखता येणं भाग होतं. कोणता रुपया कुठला आणि त्यावर किती बट्टा कापायचा, हे तो नजरेने ठरवी.

या रुपयांची एक खुबी मला सर्वांत प्रिय आहे. ठसा मोठा असायचा आणि चांदीची चकती लहान. पोळीएवढा साचा पुरीवर दाबावा तसं होई. अख्खा मजकूर एकाही रुपयावर मावत नसे. एकावर बादशहाच्या नावाचं टोक, दुसऱ्यावर राज्यारोहणाचं वर्ष, तिसऱ्यावर टाकसाळीच्या नावाची शेवटची अक्षरं. बळवंतनगर हे नाव पुरं वाचायचं तर तीन-चार रुपये जवळ हवेत. पहिला रुपया हाती येतो तेव्हा माणूस फक्त मालक असतो. दुसऱ्यावर पहिल्यातलं हरवलेलं अक्षर सापडलं, की तो तिसऱ्याच्या शोधात सराफ्याकडे निघतो.

याच नारो शंकरांनी १७४७ मध्ये नाशिकला गोदाकाठी मंदिर बांधलं. त्याच जिल्ह्यात, जोगळटेंभीला, १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. त्याने ती वितळवली नाहीत. पराभूत राजाच्या चेहऱ्यावर जेत्याची चिन्हं बसली, आणि खालचा चेहरा तरीही डोकावत राहिला. नहपानाचं मूळ नाणं शेजारी ठेवल्याशिवाय त्या दोन ठशांची उकल होत नाही. कोण कोणाकडून हरला, याचा केवढा मोठा पुरावा एकावर एक पडलेल्या ठशांनी दिला!

नाशिकच्याच त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. तिने १९८९ मध्ये के. के. महेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं मराठ्यांच्या टाकसाळींवरचं पुस्तक काढलं. असं काम राजवाड्यातल्या एखाद्या मोहरेने होत नसतं. त्याला लागतात झिजलेले, अर्धवट उमटलेले, सराफाने वजनावर घेतलेले ढीगभर रुपये, आणि ते तासन् तास शेजारी मांडणारी माणसं.

म्हणून मुलांना ‘हे विकलं तर किती येतील?’ हा प्रश्न आधी शिकवू नये असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यासमोर नाणं चिंचेने घासूही नये. त्या घासण्यात चांदीवरचा काळपट थर जातो, आणि बारीक अक्षरं झिजतात ती कायमची. झाशीच्या एखाद्या शाळेत बळवंतनगरच्या तीन-चार रुपयांचे मोठे फोटो भिंतीवर लावावेत, प्रत्येकावरची दिसणारी अक्षरं वेगळ्या रंगात रंगवावीत, आणि नाव जुळवायचं काम मुलांवर सोडावं. शेवटची एक जागा रिकामी ठेवावी, म्हणजे कुणीतरी घरचा डबा उघडेल.