उसातला वाघ

जुन्नर तालुक्यात पट्टेरी वाघ नाही. तरीही ‘काल मळ्यात वाघ दिसला’ हे वाक्य आमच्या वर्गात वरचेवर ऐकू येते. मराठीचे अध्यापक या नात्याने आम्ही ते बरीच वर्षे दुरुस्त करीत आलो: वाघ नव्हे, बिबट्या. विद्यार्थी मान डोलावतात आणि पुढच्या वाक्यात पुन्हा वाघच म्हणतात.

एका हिवाळ्यात काही मुली संध्याकाळी पाचचा तास अलीकडे घ्यावा अशी विनंती घेऊन आल्या. एसटीच्या थांब्यापासून त्यांच्या वस्तीची वाट दोन्ही बाजूंच्या उसातून जात होती. आम्हांला ती सबब वाटली. बिबट्या सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, असे पुस्तकी उत्तरही आम्ही दिले. त्यांतली एक शांतपणे म्हणाली, “सर, ती वाट त्याचीपण आहे.” तास बदलायला आम्ही तरीही महिना लावला. त्या महिन्यात काही घडले नाही, हे आमचे नशीब, शहाणपण नव्हे.

आमचा बिबट्या शिकारकथांतून आलेला होता. कॉर्बेटने १९२६ साली मारलेल्या रुद्रप्रयागच्या बिबट्याच्या नावावर १२५ बळी नोंदलेले आहेत. ‘नरभक्षक’ हा शब्द तिथून आपल्या वर्तमानपत्रांत आला, आणि तो एकदा उच्चारला की पिंजरा किंवा बंदूक एवढेच उरते. जुन्नरमध्ये २००१ पासून असे कितीतरी बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. २०१३ च्या त्यांच्या अकोल्यातील अभ्यासात (नगर जिल्ह्यातले अकोले, विदर्भातले नव्हे) शंभर चौरस किलोमीटरच्या शेतीवस्तीत सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांचे मुख्य खाद्य होते गावातली कुत्री. अर्थात ज्या घरातले मूल उसाच्या कडेवरून नेले गेले, त्या घरासमोर हे आकडे वाचून दाखवता येत नाहीत.

ओळखण्याच्या बाबतीत विद्यार्थीच आमचे शिक्षक ठरले. ओल्या पाटाच्या कडेला गोलसर, चार बोटांचा, नखे न उमटलेला ठसा दिसला तर तो बिबट्याचा असू शकतो. कुत्र्याच्या नि तरसाच्या ठशात नखे दिसतात. लाकडावर करवत चालवावी तसा त्याचा आवाज. ऊसतोडीत सापडलेले प्रत्येक ठिपकेदार पिल्लू मात्र त्याचे नसते. वाघाटी नावाचे इवलेसे रानमांजरही उसात विते. (आषाढी द्वादशीला उपवास सोडताना जिची भाजी करतात, ती वाघाटी वेगळी.) पिल्लू कोणाचेही असो, ते उचलू नये, भोवती गर्दी करू नये आणि वनखात्याला कळवावे. पिल्ले जागच्या जागी ठेवली तर बहुधा आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. कळवायचा क्रमांक १९२६, म्हणजे कॉर्बेटचेच साल. हा योगायोग वर्गात सांगितल्यापासून क्रमांक कोणी विसरत नाही.

वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा भासतो, म्हणून गवत कापणारी बाई, परसाकडे बसलेला माणूस आणि एकटे मूल यांना धोका अधिक. समोर आलाच तर पळू नये, पाठ दाखवू नये. मुलाला उचलून घ्यावे, ताठ उभे राहून मोठ्याने बोलावे आणि हळूहळू मागे सरावे. शेळ्या बंदिस्त गोठ्यात हव्यात, अंगणात दिवा हवा, उष्टेखरकटे उघड्यावर नको; कारण त्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो. हे सारे मुलांना पाठ आहे. पण शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की त्याच मुलाला बॅटरी घेऊन, एकट्याने, वाकून पाण्याची बारे धरावी लागतात. पहिल्या तासाला पेंगणाऱ्याला आम्ही हल्ली उठवत नाही.

पाचचा तास आता साडेतीनला असतो. त्या मुलींनंतरच्या मुली थांब्यावर एकमेकींसाठी थांबतात आणि उसामधून जाताना अभ्यासक्रमातल्या कविता मोठमोठ्याने म्हणत जातात. एकदा आम्हीही त्यांच्याबरोबर वस्तीपर्यंत गेलो. तेवढे पाठांतर परीक्षेत कधी दिसले नव्हते.