कुशीतले दुखणे

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या धर्मग्रामातील एका बाईंना थंडी भरून ताप आला. त्यांच्या मुलाने जीप आणली आणि मी पवित्र तेलाची डबी खिशात घालून त्यांच्यासोबत बेळगावास निघालो. बाई पन्नाशीच्या, मधुमेहाने पिडलेल्या. सातआठ महिने त्यांची उजवी कूस दुखत होती, सायंकाळी कणकण येई, लघवीला जळजळ होई. गोळ्या घेतल्या की चार दिवस बरे, पुन्हा तेच. मिस्सानंतर त्या मजजवळ येऊन म्हणत, "फादर, अंगात त्राण म्हणून राहिले नाही." मी त्यांना सहनशीलतेचा उपदेश करी. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

तातडीच्या कक्षातील डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. मला वाटले, सुई टोचून त्या आम्हांस घरी धाडतील. परंतु त्यांनी तापापेक्षा तापाचा इतिहासच अधिक विचारला. ताप किती वेळा उलटला? वजन किती उतरले? पूर्वी मुतखडा होता काय? मग कुशीवर हात ठेवताच त्या थबकल्या. तेथे गोळा लागत होता. रक्तही फार कमी भरले. सी. टी. स्कॅनमध्ये सांबरशिंगासारखा फाटे फुटलेला खडा मूत्रपिंडात रुतलेला दिसला. मूत्राची वाट अडलेली, आत पू कोंडलेला, आणि एकंदर आकृती अस्वलाच्या पंजासारखी.

रोगाचे नाव झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस. ग्रीक भाषेत 'झँथोस' म्हणजे पिवळा. सेमिनरीतले ग्रीक एवढ्यापुरते तरी कामी आले! जंतुदोष दीर्घकाळ कोंडून राहिला म्हणजे चरबीने भरलेल्या पेशी तेथे साचतात, मूत्रपिंड आतून पिवळे पडते व हळूहळू निकामी होते. श्लागेनहाउफर यांनी १९१६ साली या विकाराचे वर्णन केले. तो क्वचितच आढळतो, त्यातही मध्यम वयाच्या स्त्रियांत अधिक. आणि पुष्कळदा कर्करोगाचे सोंग घेतो. गोळ्यांनी ताप उतरतो, मूळ मात्र तसेच राहते.

प्रथम शिरेतून औषधे देऊन ज्वर आटोक्यात आणला आणि काही दिवसांनी ते मूत्रपिंड काढून टाकले. ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच कर्करोग नाही हे पक्के झाले. दुसरे मूत्रपिंड शाबूत होते. त्यावर बाईंचे आज ठीक चालले आहे.

त्या रात्री तेल मी लावले खरे. पण लावताना हात थोडा कापत होता.

परवा मिस्सानंतर एक गृहस्थ म्हणाले, "फादर, कूस फार दुखते." मी त्यांना बाकावर बसविले आणि विचारले, "किती दिवसांपासून? ताप येतो काय?"