खात्यापित्या घरचा

शरीर जितकें भरलेलें तितकें घर सुखी, अशी आपल्या भाषेची जुनी समजूत आहे. तान्ह्या मुलानें बाळसें धरलें कीं घर आनंदतें. शाळकरी मूल गुटगुटीत असलें कीं आईला धन्यता वाटते. तरुण मुलगा अंगानें भरला कीं तो ‘खात्यापित्या घरचा’ ठरतो. आणि चाळिशीच्या गृहस्थाचें पोट सुटलें तर त्याला सुख मानवलें, असें लोक म्हणतात. उलट, कोणी शहरांतून सडसडीत होऊन परतला, तर आमच्या आर्वीच्या ओसरीवर उद्गार ठरलेला: ‘पोट्टं पार वाळून गेलं ना माय!’

या शब्दांची थट्टा करण्याचें धार्ष्ट्य मला होत नाहीं. त्यांच्यामागें उपासमारीची आठवण आहे. १८९७ आणि १९०० सालच्या दुष्काळांनीं वऱ्हाड व मध्यप्रांत होरपळून काढले. त्या काळीं मुलाच्या गालावरचें मांस आईबापांना पुढच्या हंगामाची बेगमीच वाटलें असल्यास नवल नाहीं.

नवल याचें वाटतें कीं, जनावराची पारख करतांना हाच समाज वेगळा न्याय लावतो. आर्वी तालुका गवळाऊ जातीच्या गुरांचा. पांढरा, लांबट तोंडाचा, हलक्या अंगाचा हा बैल आपल्या दुडक्या चालीबद्दल नांवाजलेला. त्याचें पोट लोंबतें आहे म्हणून बाजारांत कोणी अधिक दाम मोजल्याचें मीं ऐकलेलें नाहीं. बैल घेतांना आपण चाल पाहतों. नातवाला मांडीवर घेतांना मात्र गाल पाहतों. चरकानें निंद्य अशा आठ प्रकारच्या शरीरांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही बसविलें आहे, व त्या दोघांतही कृश बरा, असा निर्वाळा दिला आहे.

तथापि ‘बारीक तो निरोगी’ असें मानूनही फसगत टळत नाहीं. माझे वडील बंधू याचें उदाहरण आहेत. हातपाय काटकुळे, चेहरा लहान. आयुष्यांत त्यांना कोणीं लठ्ठ म्हटलें नाहीं. दुकानाच्या गादीवर बसून बसून सदऱ्याआड पोट तेवढें वाढत गेलें. सेहेचाळिसाव्या वर्षीं रक्त तपासलें, तेव्हां मधुमेह निघाला. ‘एवढ्या वाळक्या माणसाला साखर कशी?’ हा आमच्या आईचा प्रश्न होता, आणि घरांत कोणापाशींच त्याचें उत्तर नव्हतें.

उत्तर पुण्यांत शोधलें गेलें होतें. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकें यांचा अभ्यास चालविला. त्या नवजात अर्भकांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचें ३.५ किलो. आपल्या अर्भकांत स्नायू उणे होते, चरबी मात्र बरीचशी शाबूत होती. पुढें २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचें एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणूनच आतां तज्ज्ञ वजनाबरोबर कंबरही मोजावयास सांगतात. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांपुढें व स्त्रीची ८० पुढें गेली कीं सावध व्हावें. आमच्या घरीं शिंप्याची फीत आली, आणि डोळ्यांनीं वीस वर्षें लपविलेलें तिनें एका क्षणांत सांगितलें.

त्यानंतर बंधूंचें पथ्य सुरू झालें. त्यांच्या ताटांत ज्वारीची भाकर आणि पालेभाजी. शेजारच्या ताटांत तळलेलीं भजीं, आणि वर वर्ध्याहून आलेला गोरसपाक! असलें पथ्य आठ दिवसांवर टिकलें नाहीं. शिवाय बारा वर्षांचा पुतण्या बापाचीच शरीरयष्टि घेऊन वाढतांना दिसत होता. शाळेच्या दारापासून ५० मीटरांच्या आंत अति तेलकट, गोड व खारट पदार्थ विकूं नयेत, असा नियम २०२० सालीं झाला आहे. पण घरांतल्या फळीवरच्या डब्याला तो कसा लागू व्हावा? तेथें घरानेंच नियम केला पाहिजे.

तो आम्हीं केला. भाकर सर्वांच्याच ताटांत आली, तळण सणापुरतें उरलें, चहांतली साखर निम्मी झाली. जाणत्यांनीं आठवड्याला निदान दीडशें मिनिटें भरभर चालावें, मुलांनीं रोज तासभर धांवावें-खेळावें, आणि वृद्धांनीं पायांतलें बळ व तोल राखावा, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. त्याप्रमाणें बंधू व वहिनी सायंकाळीं फिरावयास जातात, आणि आई हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून दहा वेळां उठते-बसते. पुतण्याला मात्र कोणीं ‘लठ्ठ’ म्हणावयाचें नाहीं, अशी सक्त ताकीद आहे. हिणविलेलें मूल मैदानावर जात नाहीं, चोरून खातें.

आईच्या मनांतला दुष्काळ इतक्यांत सरणार नाहीं. नातवाच्या भातावर तुपाची धार सोडतांना तिचा हात अजून थांबत नाहीं. परवां मात्र तो घामाघूम होऊन घरीं आला, तेव्हां ‘काय खाशील?’ असें विचारण्याआधीं तिनें ‘काय खेळलास?’ असें विचारलें. बंधूंची साखर औषधांनीं ताब्यांत आहे, गेलेली नाहीं. ती त्याच्या वांट्याला येऊं नये, एवढ्याचसाठीं आतां हें सारें घर चालतें आहे.