पालथे, डावी बाजू वर

प्रौढ माणसाची अन्ननलिका सुमारे 25 सेंटिमीटर लांब असते आणि छातीत कण्याला लागून, हृदयाच्या मागून खाली उतरते. समोरून घेतलेल्या चित्रात तिची सावली कण्याच्या सावलीत हरवते. म्हणून बेरियम स्वॅलो तपासणीत, म्हणजे बेरियमचे घोट देऊन क्ष-किरण चित्रे घेताना, रुग्णाला तिरपे करावे लागते. मंगळसूत्र आधीच काढून घेतलेले बरे. त्याच्या वाट्या नेमक्या या नळीवर येतात.

उभ्याने घेतलेल्या घोटात नळीची रुंदी, अरुंद झालेली जागा, अडकलेला बेरियम दिसतो. पण उभ्या माणसात बेरियम स्वतःच्या वजनानेच खाली जातो. स्नायू किती काम करतात ते कळत नाही. त्यासाठी रुग्णाला पालथे निजवतात. शरीराची उजवी बाजू टेबलाला टेकलेली, डावी 35 ते 40 अंश उचललेली, डावा गुडघा दुमडलेला, उजवा हात अंगालगत मागे, डावा डोक्याजवळ. पेला त्याच हातात, तोंडात स्ट्रॉ. आता नळी कणा आणि हृदय यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येते.

वाचायला सोपे, पाठीला बाक आलेल्या आजींना करायला नाही. प्रस्तुत लेखक तंत्रज्ञ म्हणून नवा असताना ‘डावी बाजू वर करा’ असे सांगे आणि आजी डावा हात वर करीत. पुढे ‘डावा गुडघा पोटाशी घ्या’ एवढेच सांगू लागल्यावर अंग आपोआप तिरपे होऊ लागले. छातीखाली उशीची पाचर सरकवली की तोल टिकतो.

दुसरी चूक घोटाची. ‘गिळा, गिळा’ म्हणून घाई केल्याने एका रुग्णाने लागोपाठ दोन घोट घेतले. दुसरा घोट पहिल्याला खाली ढकलणारी स्नायूंची लाट मध्येच थांबवतो, हा शरीराचा नेमच आहे. पडद्यावर मात्र स्नायू दुबळे भासले. एकेक घोट देऊन पुन्हा पाहिले तेव्हा लाट जठरापर्यंत नीट पोचली. घोटांमध्ये निदान 20 सेकंद जाऊ द्यावेत. ढकलगाडीवरून आलेल्या, थकलेल्या रुग्णात पालथी अवस्था टाळण्याचा मोह होतो; जमण्यासारखी असेल तर ती टाळू नये.

अन्ननलिकेला छिद्र असल्याची शंका असेल तर मात्र बेरियमआधी पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त औषध देतात.

तपासणीनंतर भरपूर पाणी प्यावे. एक-दोन दिवस शौच पांढरट होते, त्याला घाबरू नये.