घरचा शंभर, कंपनीचा शंभर

आमची कंपनी भोसरी एमआयडीसीत प्रेसचे छोटे पार्ट करते. माल चाकणला जातो. संगणक बघणारा माणूस मी एकटा, तोही मूळचा स्टोअरचा. प्रिंटर चालू करता येतो म्हणून नेटवर्क माझ्या गळ्यात पडलं आणि मीही ते मिरवलं.

१३ मार्च २०२० ला कोरोनाच्या साथीमुळे दूरसंचार विभागानं कॉल सेंटरसारख्या कंपन्यांसाठी घरून काम करण्याचे नियम सैल केले. बातमी वाचून मी पान उलटलं. ती हिंजवडीच्या आयटीवाल्यांची भानगड, आपल्याला काय त्याचं! आठवड्याभरात, २० मार्चला, मुख्यमंत्र्यांनी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपुरातली कार्यालयं महिनाअखेरपर्यंत बंद जाहीर केली. आमचं टॅली, ड्रॉइंग, डिस्पॅचचे हिशेब, सगळं भोसरीतल्या एका खोलीत. त्या संध्याकाळी घाईघाईत मी राउटरवर ३३८९ नंबरचा पोर्ट थेट इंटरनेटला उघडून दिला आणि कासारवाडीला घरी आलो. रात्री घरून सर्व्हरचा डेस्कटॉप दिसला. मालकांना फोन करून मी हे फार ऐटीत सांगितलं.

एप्रिलमध्ये अकाउंट्सच्या मॅडमचा पिंपळे गुरवहून फोन. "अहो, पासवर्ड बरोबर टाकतेय, तरी खातं लॉक झालंय म्हणतंय." मी म्हटलं, कॅप्स लॉक बघा. मग स्टोअरचं खातंही लॉक झालं. पाच वेळा पासवर्ड चुकला की खातं अर्धा तास बंद, हा नियम मीच घातलेला. सर्व्हरचा लॉग उघडला तर ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची रांग: कुणीतरी रात्रभर ॲडमिन, टेस्ट, युजर, अकाउंट्स, स्टोअर अशी नावं आणि पासवर्ड आळीपाळीनं लावून बघत होतं. पोर्ट ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट, तो उघडा दिसला की ठोठावणारी यंत्रं जगभर फिरतच असतात. म्हणजे मॅडमना अडवणारा तो नियम आम्हाला वाचवत होता. मी काय केलं? नियमच काढून टाकला. मॅडमचं काम लगेच सुरू झालं, त्या थँक्यू म्हणाल्या. पुढे खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं आमच्यासारख्याच एका कंपनीच्या फायली कुलूपबंद केल्याचं ऐकलं, तेव्हा पोटात गोळा आला. आम्ही सुटलो यात माझी हुशारी काडीचीही नाही.

मग मी शहाण्यासारखा व्हीपीएनकडे, म्हणजे इंटरनेटमधून कंपनीपर्यंत खणलेल्या खाजगी बोगद्याकडे, वळलो. राउटरमध्ये एलटूटीपी या व्हीपीएनच्या प्रकाराची सोय होती. त्याला यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट लागतात. ते उघडले, ३३८९ बंद केला. मॅडमचं जोडलं गेलं आणि चाललं. माझ्या घरून मात्र व्हीपीएन 'कनेक्टेड' दाखवी आणि सर्व्हर काही केल्या उघडत नसे.

इथून पुढचं सगळं डोकं मी चुकीच्या दिशेनं चालवलं, आणि तेही पुराव्यानिशी. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१००. पिंग केलं, उत्तर आलं. म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, वाट मोकळी आहे, फक्त रिमोट डेस्कटॉप अडतोय. त्यामुळे मी सर्व्हरवरची फायरवॉल आधी सैल केली, मग मॅडमच्या संगणकावरून आत शिरून ती पूर्णच बंद केली. फरक शून्य. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडून पाहिलं तर एका झटक्यात सर्व्हर उघडला! झालं, माझ्या लेखी गुन्हेगार सापडला: घरचं इंटरनेट देणारा केबलवाला व्हीपीएन अडवतोय. त्याला मी फोनवर नको ते बोललो. तो बिचारा एवढंच म्हणाला, "साहेब, आम्ही अडवलं असतं तर कनेक्टेड कसं दाखवलं असतं?" प्रश्न बिनतोड होता. मी फोन ठेवला.

उलगडा झाला तो अपघातानं. व्हीपीएन तोडलेलं असताना मी सवयीनं पिंग केलं, आणि शंभर नंबरनं उत्तर दिलं. व्हीपीएन नाही, तरी भोसरीचा सर्व्हर बोलतोय? उत्तर यायला दोन मिलिसेकंदही लागत नव्हते, हे आधीही पडद्यावर लिहून येत होतंच. मी वाचलं नव्हतं. बाहेरच्या खोलीतला टीव्ही बंद केला, प्लग काढला. पिंग थांबलं.

घरच्या राउटरनं आमच्या टीव्हीला १९२.१६८.१.१०० हाच पत्ता दिला होता. घर आणि कंपनी, दोन्हीकडची नेटवर्कं १९२.१६८.१ चीच, राउटर खोक्यातून काढून लावला तसा. संगणकाला त्या पत्त्यावर जायचं म्हटलं की तो आधी आपल्याच घरात शोधतो, बोगद्यात शिरतच नाही. दोन गावांत एकाच नावाची आळी असावी आणि पोस्टमननं पत्र जवळच्या आळीत टाकावं, तसं. हॉटस्पॉट माझ्या फोनवर १९२.१६८.४३ ची मालिका देत होता, म्हणून तिथून सगळं सुरळीत. मॅडमच्या घरची मालिकाही वेगळी होती. खाजगी नेटवर्कसाठी पत्ते राखून ठेवणारा आरएफसी १९१८ हा दस्तऐवज १९९६ चा. त्यातल्या नुसत्या १० ने सुरू होणाऱ्या मालिकेतच १ कोटी ६७ लाखांवर पत्ते आहेत, आणि कंपनीसाठी मी निवडलेली मालिका अर्ध्या कासारवाडीत घरोघरी असणार.

घरच्या राउटरची मालिका बदलली असती तर दोन मिनिटांत प्रश्न मिटत होता. पण मला आता तत्त्वाचा झटका आला होता. उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी हेच होईल, म्हणून कंपनीचीच मालिका बदलायची. विचार बरोबर होता. तो मी हॉटस्पॉटवर बसून, कंपनीच्या राउटरमध्ये घरूनच अमलात आणला. नवा पत्ता टाकला, सेव्ह दाबलं आणि ज्या वाटेनं आत गेलो होतो ती वाटच नाहीशी झाली. सर्व्हर जुन्या पत्त्यावर, राउटर नव्या. मालकांकडून पत्र घेऊन, नाशिक फाट्यावरच्या नाकाबंदीत आपण कोण नि कुठे चाललो हे समजावत भोसरी गाठावी लागली. पोलिसांना "आयपी बदललाय" हे कारण सांगायचा मोह मी टाळला.

सर्व्हर, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, सगळ्यांचे पत्ते बदलले. हजेरीचं बोटाचं यंत्र विसरलो. काम पुन्हा सुरू झाल्यावर कामगार कार्ड दाखवून, बोट लावून आत जात राहिले आणि यंत्र जुन्या पत्त्यावर एकटंच नोंदी साठवत बसलं. पगाराच्या वेळी मॅडमच्या शीटवर सगळे गैरहजर. यंत्रात नोंदी शाबूत होत्या म्हणून पगार एका दिवसाच्या उशिरावर निभावला. तो दिवस मात्र ऑपरेटर लोकांनी माझ्या नावानिशी आठवणीत ठेवला आहे.

जानेवारी २०२२ मध्ये एका सकाळी एलटूटीपी सगळ्यांचंच बंद पडलं. एव्हाना मी सुधारलेला माणूस होतो. कुणालाही फोन केला नाही, कुणावर आरोप नाही. आदल्या आठवड्यात मी काय बदललं ते आठवलं, राउटरची प्रत्येक सेटिंग वहीशी ताडून पाहिली, पत्ते, पोर्ट, गुप्त कळ. दुपारपर्यंत माझी चूक सापडेना. ती नव्हतीच. संगणकांवर नुकत्याच आलेल्या अपडेटनं जगभर एलटूटीपीची जोडणी मोडली होती. दुरुस्ती १७ जानेवारीला आली. तोपर्यंत आमच्यापुरता उपाय एकच, ते अपडेट काढून टाकायचं. मालक म्हणाले, "मग सकाळपासून काय शोधत होतास?"