डॉज

आमच्या लहानपणी खडकीत हॉकी खेळणाऱ्या पोराची किंमत त्याच्या डॉजवर ठरायची. दारूगोळा कारखान्याच्या परिसरातली मुरमाची मैदानं आणि मोठ्यांनी टाकून दिलेल्या, दोरीने आवळून बांधलेल्या स्टिका. भारताकडून खेळलेला धनराज पिल्लेही याच वस्तीतून, असल्याच स्टिकांवर घडलेला. त्यामुळे आम्हाला त्या स्टिकांची लाज नव्हती, उलट मिजासच होती. मुरमावर चेंडू कधी उसळेल याचा नेम नाही. म्हणून तो स्टिकला चिकटवून ठेवायचा. मान खाली, मनगट सैल. डावा खांदा झुकवायचा, समोरचा तिकडे कलला की चेंडू उजवीकडे ओढून निघायचं. मी राइट-इन, म्हणजे उजव्या बाजूचा फॉरवर्ड. दोघांना चकवलं की कठड्यावर बसलेली मंडळी शिट्ट्या मारत. पुढे तिसऱ्याने चेंडू काढून घेतला तरी शिट्ट्या वाजून गेलेल्या असत.

पुढे खेळाच्या जोरावर मुंबईत एका कंपनीत चिकटलो. तिथले कोच फळ्यावर बाण काढत, आणि माझ्या नावाचे बहुतेक बाण चेंडूपासून लांब जात. चेंडू समोरच्या बॅककडे असताना मी कुठल्या कोनातून धावायचं, स्टिक कुठे टेकवायची, आतला पास अडवून त्याला साइडलाइनकडे कसं रेटायचं, सगळं ठरलेलं. चेंडू हिसकावणं माझं काम नव्हे. त्याने घाईत मारलेला पास आमच्या हाफच्या पुढ्यात यावा, एवढंच बघायचं. मी जरा जास्त वेळ चेंडू ठेवला की बाहेरून आरोळी येई, “छोड बॉल! घर ले जायेगा क्या?” हवे तितक्या वेळा खेळाडू बदलायची मुभा 1990च्या दशकात मिळाली होती, त्यामुळे आरोळीपाठोपाठ बदलीही होई.

पद्धत समजायला अवघड नव्हती. अवघड होतं ते टाळ्यांवाचून खेळणं. चेंडू नसताना जीव खाऊन धावावं, बॅकला मागे ओढून न्यावं, मोकळ्या झालेल्या जागेतून लेफ्ट-इनने गोल ठोकावा आणि सगळ्यांनी त्याच्या गळ्यात पडावं. माझी धाव गॅलरीला दिसलेलीच नसे. दिसे ती कोचना. तेही सामना संपल्यावर जाता जाता पाठीवर थाप मारत, की झालं.

तरी डॉज मोडीत निघाला नाही, त्याची जागा बदलली. मध्यरेषेजवळ दोघांना चकवून हाती काही लागत नाही. गोलसमोरच्या ‘डी’मध्ये मात्र एक चकवा पुरतो. बचावपटूने पाय मध्ये घातला की चेंडू हलकेच त्याच्या बुटाला लावायचा. पेनल्टी कॉर्नर आपला. तिथे खडकीचं सैल मनगट कामी आलं. शिवाय मुंबईत खेळायचो त्या टर्फवर चेंडू मुरमासारखा दगा देत नाही, त्यामुळे मान वर करून समोरच्याचे पाय न्याहाळायला सवड मिळे. पुढच्या हंगामात कोचनी फळ्यावर ‘डी’च्या उजव्या कोपऱ्याला एक वर्तुळ काढलं आणि आत बाण काढलाच नाही. म्हणाले, “यहाँ तेरी मर्जी.”

2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनविरुद्धची उपांत्यपूर्व लढत बघताना हे सगळं आठवत होतं. 17व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सामना भारताने दहा जणांवर काढला. त्या संघाचे कोच क्रेग फुल्टन यांचा भर आधी बचावावर. त्या दिवशी तर फॉरवर्डही आपल्याच ‘डी’भोवती राबत होते. घरातली पोरं कावली होती, “अरे, हे पुढे का जात नाहीत?” मी त्यांच्या धावाच बघत होतो. 1-1 अशी बरोबरी झाली आणि मग शूटआउट: समोर एकटा गोलरक्षक, हातात आठ सेकंद, कुणाचा बाण नाही. भारत 4-2ने जिंकला. गोल करणाऱ्यांत सुखजीत आणि ललित उपाध्याय हे फॉरवर्ड होते. सामना तिथवर पद्धतीने आणला आणि पुढचं काम मनगटांनी केलं. खेळाडूकडून शिस्त मागणाऱ्या कोचने फळ्यावर एक कोपरा कोरा ठेवलाच पाहिजे, आणि तो कोपरा मागणाऱ्या फॉरवर्डने आधी बाकीचे बाण धावून दाखवले पाहिजेत.