अप्रकाशित कथा

राष्ट्रकुल लघुकथा पारितोषिकासाठी पाठवावयाची कथा अप्रकाशित असली पाहिजे, हा नियम प्रथमदर्शनी साधा भासतो. २०१२ साली सुरू झालेल्या या स्पर्धेस प्रवेशमूल्य नाही. राष्ट्रकुलातील १८ वर्षांवरील कोणाही नागरिकाने २,००० ते ५,००० शब्दांची कथा पाठवावी. २०२४ साली आफ्रिका विभागाचे पारितोषिक मॉरिशसच्या रीना उषा रुंगू यांच्या 'दिते' या कथेस लाभले, तेव्हा या बेटावरील कित्येकांनी आपल्या कपाटातील वह्या बाहेर काढल्या असतील.

वाक्वा येथील एका शिक्षिकेजवळ अशीच एक वही होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात आपल्या खापरपणजीचा नोंदणी-क्रमांक तिला सापडला, आणि त्या आकड्यावरून तिने मराठीत कथा लिहिली. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चिटणीसांनी ती मागितली.

"काका, इथे छापली की ती स्पर्धेत चालणार नाही."

"अहो बाई, आपली स्मरणिका जाते किती घरांत? लंडनला ती कोण वाचतो?"

प्रश्न गमतीचा खरा. परंतु वाचक थोडे असले म्हणून प्रकाशन हे प्रकाशन राहत नाही असे थोडेच आहे? उलट जी भाषा आता मोजक्या घरांतच वाचली जाते, तिच्यात तर स्मरणिकेचे पान हेच मोठे प्रकाशन.

अडचण भाषेचीही होती. या स्पर्धेत क्रेओलमधील कथा स्वीकारली जाते. मराठी कथेस मात्र इंग्रजी अनुवादाचे वस्त्र नेसूनच जावे लागते. दिवसभर जी क्रेओल ती बोलते, तिच्यात लिहिणे सोपे होते. तथापि, ही कथा तिला मराठीतच सुचली होती, कारण ती जिच्यासाठी लिहिली ती आत्या पंच्याऐंशी वर्षांची होती आणि जुन्या गोष्टी मराठीतच सांगत असे. निकाल पुढील वर्षी लागावयाचा. त्या वयात एक वर्ष म्हणजे काही थोडा काळ नव्हे.

म्हणून पाठविण्यापूर्वी तिने ती घरीच वाचून दाखविली. पहिल्याच वाक्यात तो क्रमांक होता. आत्याने हात वर करून तिला थांबविले.

"आकड्याने तिला मळ्यावरचा साहेब बोलवायचा. आमच्या घरात तिला बयो म्हणत. माझ्या आजीने सांगितलंय मला."

तो शब्द दप्तरात कोठेही नव्हता. शिक्षिकेने पहिले वाक्य खोडले. मग इंग्रजीतही 'बयो' तसेच ठेवावे की त्याचा अर्थ द्यावा, या विचारात तिचे दोन दिवस गेले. अखेर ते तसेच राहिले. मुदतीच्या आत कथा रवाना झाली. चिटणीसांनी थोडी कुरकुर केली, आणि पुढील वर्षाच्या स्मरणिकेत तिच्यासाठी दोन पाने राखून ठेवली आहेत.